रोहित आधी, रॉकेट नंतर

गेल्या अंकात पुलिकत सरोवराबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या : आंध्र आणि तमिळनाडूच्या सीमेवरचं खाऱ्या-गोड्या पाण्याचं हे सरोवर, हिवाळ्यात तिथे येणारे रोहित पक्षी (फ्लेमिंगो) आणि पलीकडच्या बेटावरून उडणारी इस्रोची रॉकेटं. त्यावर बरीच पत्रं आली. त्यातल्या काही पत्रांना या वेळी उत्तरं देते.

प्रश्न : ताई, मी निवृत्त बँक कर्मचारी, राहणार सोलापूर. नात नववीत आहे. तिला रॉकेट उडताना प्रत्यक्ष पाहायचं आहे आणि मला रोहित. दोन्ही एकाच सहलीत जमेल का? उड्डाणाची तारीख जाहीर झाली की तिकिटं काढू का? किती दिवस हाताशी ठेवू?

उत्तर : काका, जमेल. तारीख पाहून तिकिटं जरूर काढा, पण सगळी सहल त्या एका तारखेवर अवलंबून ठेवू नका. आधी पक्ष्यांसाठी बेत आखा आणि त्यात रॉकेट बसतंय का ते बघा. असं सांगण्यामागे कारण आहे. चांद्रयान-२ चं उड्डाण १५ जुलै २०१९ च्या पहाटे व्हायचं होतं. लोक रात्रभर जागत बसले होते आणि ५६ मिनिटं २४ सेकंद उरले असताना काउंटडाउन थांबला. यान उडालं ते २२ जुलैला. डिसेंबर २०२४ मध्ये युरोपचे प्रोबा-३ हे उपग्रह घेऊन जाणारा पीएसएलव्ही, म्हणजे इस्रोचं नेहमीचं रॉकेट, ४ तारखेला शेवटच्या तासात थांबवला गेला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ४ वाजून ४ मिनिटांनी सुटला. एक दिवस असो की एक आठवडा, अशी ढकलाढकल त्या कामात नेहमीची आहे आणि ती योग्यच आहे. शंका आली की थांबायचं, हीच तिथली शिस्त. तुमचं परतीचं तिकीट मात्र कुणासाठी थांबत नाही.

म्हणून हंगाम पक्ष्यांचा धरा. त्या किनाऱ्यावर आपल्यासारखा जूनचा पाऊस मुख्य नसतो, तिथे ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो. सरोवर तेव्हा भरतं आणि वादळंही त्याच दिवसांत येतात. पाणी जरा ओसरून उथळ झालं की रोहितांना चरायला सोयीचं होतं. मला विचाराल तर जानेवारीचा उत्तरार्ध आणि फेब्रुवारी हे सर्वांत चांगले दिवस. सरोवराजवळच्या सुल्लुरपेट गावी फ्लेमिंगो महोत्सवही बहुतेक वर्षी याच सुमारास भरतो. महोत्सवात गर्दी फार असते. तुमच्या नातीला मजा येईल, तुम्हाला मात्र निवांतपणा मिळणार नाही, तेव्हा तारखा पाहून ठरवा.

आता जागा समजून घ्या. पूर्वेला बंगालचा उपसागर, त्याला लागून श्रीहरिकोटा हे लांबट बेट, बेटाच्या पश्चिमेला पुलिकत आणि सरोवराच्या पश्चिमेला सुल्लुरपेट हे गाव. चेन्नई-कोलकाता रेल्वेमार्ग आणि महामार्ग दोन्ही सुल्लुरपेटवरून जातात. गावातून एक रस्ता सरळ पूर्वेला, सरोवराच्या पाण्यातून, बेटावर जातो. दोन्ही बाजूंना पाणी आणि मधून भराव घातलेला रस्ता. रोहित पाहायचे ते इथून. ओडिशातल्या चिलिकानंतर आपल्या देशातलं खाऱ्या-गोड्या पाण्याचं सर्वांत मोठं सरोवर हेच, पण खोली इतकी कमी की कित्येक ठिकाणी रोहित पाण्याच्या मधोमध उभा दिसतो आणि त्याचे गुडघेही भिजलेले नसतात.

या रस्त्यावर सूर्योदयाला पोहोचा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून रस्त्याच्या उत्तर बाजूचे पक्षी पाहा. प्रकाश तुमच्या पाठीमागून येईल आणि पिसांचे रंग खरे दिसतील. दक्षिणेकडे पाहिलंत तर चमचमत्या पाण्यावर नुसत्या काळ्या आकृत्या दिसतील. नऊ-साडेनऊनंतर तापलेल्या पाण्यावरची हवा थरथरू लागते आणि कितीही चांगल्या दुर्बिणीतून पक्षी वितळल्यासारखा दिसतो, तेव्हा पहाटेची झोप सोडावी लागेल. रोहित चरताना नीट पाहा. मान खाली, डोकं उलटं, चोचीचा वरचा भाग चिखलाकडे. जिभेने पाणी आत ओढून बाहेर फेकायचं आणि चोचीच्या कडेच्या बारीक जाळीत अडकलेलं शेवाळ, कोळंबीसारखे जीव गिळायचे. चरणाऱ्या रोहितांच्या पायांशी शेकाटे आणि पाणटिवळे फिरत असतात. रोहितांनी ढवळलेल्या चिखलातून त्यांनाही काही मिळत असावं, असं त्यांची लगबग पाहून मला नेहमी वाटतं. पाण्यावर तलवार बदकं आणि थापट्यांचे थवे, वर सुरय आणि ब्राह्मणी घारी. फक्त गुलाबी रंग शोधत राहिलात तर हे सगळं निसटून जाईल.

थव्यात काही रोहित राखाडी, मळकट दिसतील. ते आजारी नाहीत, लहान आहेत. गुलाबी रंग खाण्यातून येतो आणि पिसांत पुरता उतरायला काही वर्षं लागतात.

एक सकाळ नेलपट्टूसाठी ठेवा. सुल्लुरपेटच्या उत्तरेला, नायडुपेटच्या वाटेवर, दोरवारिसत्रमजवळ हे छोटं अभयारण्य आहे. तलावात पाण्यात उभी असलेली झाडं आणि त्यांच्या शेंड्यांवर ठिपकेवाल्या चोचीच्या पेलिकनांची घरटी. हा पक्षी जगभरात संकटाच्या उंबरठ्यावर असलेल्यांच्या यादीत आहे, आणि आपल्या देशात तो वीण घालतो अशा मोठ्या जागांपैकी ही एक. जानेवारीत पिल्लं मोठी झालेली असतात. पालक उतरला की पिल्लू त्याच्या चोचीखालच्या पिशवीत डोकं घालून मासा ओढून काढतं. शेजारच्या झाडांवर मुग्धबलाक, पांढरे शराटी, रातबगळे, पाणकावळे. आसपासचे शेतकरी या तलावाचं पाणी शेताला घेतात. पक्ष्यांच्या विष्ठेमुळे ते पाणी पिकाला खतासारखं लागू पडतं, म्हणून गावाला हे पक्षी हवे आहेत. अभयारण्य टिकण्यात त्याचा वाटा फार मोठा आहे, असं माझं ठाम मत आहे. रॉकेटसाठी राखून ठेवलेल्या दिवशीच पेलिकन पाहू, असं म्हणू नका. त्यांना पूर्ण सकाळ द्या.

प्रवासाचं सांगते. सोलापूरहून चेन्नईकडे जाणाऱ्या गाड्या रेणिगुंट्यावरून जातात. तिथे उतरलात तर श्रीकालहस्ती, नायडुपेटमार्गे सुल्लुरपेट गाडीने दोन-अडीच तासांवर आहे. तिरुपती शेजारीच, त्यामुळे बालाजीचं दर्शन घ्यायचं असेल तर तेही याच वाटेवर होतं. चेन्नईपर्यंत गेलात तर तिथून सुल्लुरपेटला लोकल गाड्या मिळतात. उड्डाणाच्या आदल्या रात्री सुल्लुरपेटमधली लॉजं भरून जातात. नायडुपेटला मुक्काम केला तर नेलपट्टूही जवळ पडतं.

चार मुक्काम धरा. उड्डाणाची जाहीर तारीख त्यातल्या दुसऱ्या दिवशी येईल असं पाहा. म्हणजे एक दिवस ढकललं तरी तुम्ही तिथेच असाल, आणि आठवडाभर ढकललं तरी रोहित आणि पेलिकन पाहून झालेले असतील. नातीला हे निघण्यापूर्वीच समजावून सांगा. नववीतल्या मुलीला काउंटडाउन का थांबतो ते कळतं. कळल्यावर तिची निराशाही कमी होईल.

रॉकेट पाहायला बेटावर इस्रोचं प्रेक्षक-दालन आहे, स्टेडियमसारख्या पायऱ्यांचं. २०१९ पासून ते सामान्य लोकांसाठी खुलं आहे. उड्डाणाच्या काही दिवस आधी इस्रोच्या संकेतस्थळावर नोंदणी सुरू होते, पैसे लागत नाहीत, आणि जागा पाहता पाहता संपतात. म्हणून घोषणेवर रोज लक्ष ठेवा आणि नोंदणीत जे ओळखपत्र दिलं तेच बरोबर न्या. बाकी बेट बंद आहे, तिथे पक्षी पाहत फिरता येत नाही.

जागा मिळाली नाही तर मन खट्टू करू नका. सरोवराच्या पश्चिम काठावरून रॉकेट स्वच्छ दिसतं. उड्डाणाच्या दिवशी पोलीस पुढचा रस्ता अडवतात. ते थांबवतील तिथे थांबायचं, हुज्जत घालायची नाही. खरं सांगायचं तर मला स्वतःला दालनापेक्षा हा काठच अधिक आवडतो, कारण इथे रॉकेट आणि पक्षी एकाच नजरेत येतात. काठापासून प्रक्षेपणतळ साधारण अठरा-वीस किलोमीटर आहे. आधी क्षितिजावर प्रखर नारिंगी ठिणगी दिसते, मग तिच्यामागे पांढऱ्या धुराचा खांब चढू लागतो, आणि हे सगळं पूर्ण शांततेत. रॉकेट ढगात शिरण्याच्या बेतात असतं तेव्हा कुठे आवाज येऊन पोहोचतो. आधी खोल घरघर, मग फाटल्यासारखा कडकडाट, आणि छातीच्या फासळ्या हललेल्या जाणवतात. ध्वनीला एक किलोमीटर यायला जवळपास तीन सेकंद लागतात. नातीच्या हाती घड्याळ द्या. ठिणगी दिसल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजून तीनने भागायला सांगा, तळ किती लांब आहे ते तिचं तिलाच काढता येईल. भौतिकशास्त्राचा असा तास शाळेत मिळणार नाही.

वेळेचंही पाहा. २९ जानेवारी २०२५ ला श्रीहरिकोट्यावरचं शंभरावं उड्डाण झालं ते सकाळी ६ वाजून २३ मिनिटांनी, म्हणजे पक्षिनिरीक्षकाला हवी असते नेमकी त्या वेळी. त्याआधीचं, ३० डिसेंबर २०२४ चं, रात्री १० वाजता होतं. रात्रीच्या उड्डाणात आकाश उजळून निघतं आणि ते दृश्य विसरणं शक्य नाही, पण त्यात पक्षी पाहायला मिळणार नाहीत.

प्रश्न : पक्षिप्रेमी म्हणवणाऱ्यांनी रॉकेट पाहायला गर्दी करावी का? त्या आवाजाने पक्ष्यांचे हाल होत नाहीत का? मला हे दोन्ही एकत्र असणंच खटकतं. (एक वाचक, पुणे)

उत्तर : प्रश्न रास्त आहे.

पक्षी दचकतात, हे मी पाहिलं आहे. पश्चिम काठावर उभी असताना आवाज आला तेव्हा चरणाऱ्या रोहितांनी एकदम माना वर केल्या आणि सगळा थवा एकाच दिशेला चालू लागला. सुरय आणि शेकाटे उडाले. रोहित उडाले नाहीत. आकाशातली धुराची रेघ वाऱ्याने वाकडी होऊन विरायच्या आत बहुतेकांच्या माना परत पाण्यात होत्या. ही एका जागेची, एका अंतरावरची नोंद आहे. तळाला लागून असलेल्या झाडावरच्या पक्ष्याला काय सोसावं लागतं ते यावरून सांगता येणार नाही. नेलपट्टूची घरटी तळापासून सुमारे तीस किलोमीटर दूर आहेत, तिथे पोहोचेपर्यंत आवाज बराच मवाळ झालेला असतो.

अंतर हाच कळीचा मुद्दा. टेक्सासमध्ये बोका चिका इथे एप्रिल २०२३ मध्ये एका प्रचंड रॉकेटच्या उड्डाणाने तळाचं काँक्रीटच फुटलं आणि त्याचे तुकडे शेजारच्या पाणथळ जमिनीवर शेकडो एकरांत पसरले. किनाऱ्यावर जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांसाठी अशी जागा धोक्याचीच. उलट फ्लोरिडात केनेडी अंतराळ केंद्राभोवती सुरक्षेसाठी घेतलेल्या जमिनीवर १९६३ मध्ये मेरिट आयलंड अभयारण्य झालं. चहूकडे इमारती उठल्या, ती जमीन मात्र वाचली आणि तिथे तीनशेहून अधिक जातींचे पक्षी नोंदले गेले. तरी तिथेही सगळं गोड नाही. समुद्रकाठच्या चिमणीची एक काळसर पोटजात तिथल्या दलदलींत राहत होती, ती १९८७ मध्ये संपली. तिला रॉकेटच्या आवाजाने मारलं नाही. डास मारायला दलदलीत पाणी कोंडलं गेलं, रस्ते झाले आणि तिचं गवत गेलं.

श्रीहरिकोट्याचंही मला असंच दिसतं. बेटावर सहज पाऊल टाकता येत नाही, म्हणून तिथलं किनारी जंगल उभं आहे. त्याची किंमत तिथे पूर्वीपासून राहणाऱ्या यानादी लोकांनी मोजली, त्यांना घरं सोडावी लागली, हे विसरून नुसतं जंगलाचं कौतुक मी करणार नाही. सरोवराला आज जो धोका आहे तो वर्षातल्या मोजक्या उड्डाणांपेक्षा रोजच्या गोष्टींचा आहे. समुद्राकडची मुखं गाळाने भरतात, त्यामुळे भरती-ओहोटीचं पाणी आत-बाहेर होत नाही. काठाला कोळंबीचे तलाव आणि सांडपाणी. ज्या रस्त्यावरून आपण रोहित पाहतो त्या भरावानेही पाण्याची वाट अडवली आहे. आणि मग आपण, पाहुणे. फोटोसाठी चिखलात उतरून थव्याकडे चालत जाणारी माणसं मी दर हिवाळ्यात पाहते. रॉकेटने दचकलेला थवा थोड्या वेळात चरायला लागतो. माणसांनी दिवसभर उठवत ठेवलेला थवा पोटभर खाऊच शकत नाही, आणि प्रत्येक वेळी उडण्यात ताकद खर्च होते ती वेगळी. घरट्यांपाशी तर पालक उठला की कावळा टपलेलाच असतो, शिवाय उघड्या पिल्लाला ऊन लागतं. ड्रोन तर कुणी नेऊच नये, तो नियमानेही तिथे चालणार नाही.

तेव्हा जायचं असेल तर रस्ता सोडू नका, आणि उड्डाणाच्या वेळी एखादा थवा निवडून त्याच्याकडे पाहत राहा. किती पक्षी होते, उडाले की नुसते थबकले, किती मिनिटांनी चरू लागले, तुम्ही कुठे उभे होतात, एवढं वहीत लिहा आणि मला पाठवा. गर्दीतले बाकी सगळे वर पाहत असतात. पक्ष्यांकडे पाहणारी दहा माणसं जरी मिळाली तरी या प्रश्नाचं उत्तर माझ्या एका नोंदीपेक्षा पुष्कळ चांगलं देता येईल.

प्रश्न : मी सातवीत आहे. पक्ष्यांमुळे कधी रॉकेटला थांबावं लागलं आहे का? (एक विद्यार्थिनी, नांदेड)

उत्तर : हो! १९९५ मध्ये अमेरिकेचं डिस्कव्हरी हे अंतराळयान फ्लोरिडाच्या तळावर उड्डाणासाठी उभं होतं. त्याच्या मोठ्या इंधनटाकीवर उष्णतारोधक फेसाचं जाड आवरण असतं. फ्लिकर नावाच्या सुतारपक्ष्यांना ते झाडाच्या मऊ खोडासारखं वाटलं असावं. त्यांनी घरट्यासाठी टोचून टोचून त्यात सुमारे दोनशे भोकं पाडली. यान परत इमारतीत नेऊन आवरण दुरुस्त करावं लागलं आणि जूनमधलं उड्डाण १३ जुलैला झालं. नंतर पक्ष्यांना दूर ठेवायला तळावर खोटी घुबडं बसवली आणि भोंगे वाजवले. तुझ्या अंगणात सुतारपक्षी येत असेल तर तो कोणत्या प्रकारचं लाकूड निवडतो ते पाहा, वाळलेलं की हिरवं, आणि मला कळव.

प्रश्न : अशा सहलीसाठी दुर्बीण कोणती घ्यावी? रॉकेट दुर्बिणीतून पाहावं की साध्या डोळ्यांनी? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : दोन्हींसाठी एकच दुर्बीण न्यायची तर ८×४२, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं असलेली. हात जरा हलला तरी चित्र फारसं हलत नाही आणि दृश्याची रुंदी पुरेशी मिळते. सरोवरावर मात्र थवे पुष्कळदा फार दूर असतात, तिथे तिकाटण्यावरचा स्पॉटिंग स्कोप, म्हणजे एका डोळ्याने पाहायची जास्त ताकदीची दुर्बीण, लागतो. गटातल्या एकाकडे असला तरी सगळ्यांचं भागतं.

उड्डाणाचा पहिला अर्धा मिनिट साध्या डोळ्यांनी पाहा. धुराचा खांब, पाणी, उठणारे पक्षी हे सगळं दुर्बिणीत मावत नाही. मग दुर्बीण लावा. पीएसएलव्हीच्या मोठ्या प्रकारात पहिल्या टप्प्याला सहा छोटे बूस्टर, म्हणजे जास्तीचा जोर देणारी बाजूची रॉकेटं, असतात. जमिनीवर पेटलेले चार सुमारे सत्तर सेकंदांनी सुटतात आणि आकाश निरभ्र असेल तर दुर्बिणीतून ते बाजूला पडताना दिसू शकतात. सकाळच्या उड्डाणात रॉकेट पूर्वेला असतं आणि सूर्यही पूर्वेलाच. दुर्बीण सूर्याच्या जवळपासही नेऊ नका, डोळ्याला कायमची इजा होते. मुलं बरोबर असतील तर सकाळी त्यांच्या हाती दुर्बीण देऊच नका. संध्याकाळच्या उड्डाणात सूर्य पाठीमागे असतो, तेव्हा खुशाल द्या.

कॅमेऱ्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण सांगते. पहिल्यांदा जात असाल तर मोबाइल एखाद्या दगडाला टेकवून चालू करून ठेवा आणि विसरून जा. त्यात आवाज आणि आजूबाजूच्यांचं ओरडणं आपोआप येतं. रॉकेटचे उत्तम फोटो इस्रो स्वतःच प्रसिद्ध करते.